जुनी सहा सिलिंडर गाडी आणि मुंबईचा ट्रॅफिक: ॲव्हरेज वाढवायला आधी काय करायचं, नंतर काय, आणि कशावर पैसे घालवायचे नाहीत

सहा सिलिंडरची जुनी पेट्रोल गाडी सांभाळणारी माणसं मुंबईत अजून बरीच आहेत. कुणाकडे होंडा अकॉर्ड व्ही६, कुणाकडे कॅमरी, निसान टिआना, ग्रँड विटारा एक्सएल-७, जुनी सुपर्ब २.८, नाहीतर बीएमडब्ल्यू ई४६ किंवा ई९० (थ्री सीरिजच्या दोन जुन्या पिढ्या) ची सरळ सहा, म्हणजे सहाही सिलिंडर एका ओळीत. सेकंडहँडमध्ये ह्या गाड्या हॅचबॅकच्या भावात मिळतात, लोक हौसेने घेतात आणि पेट्रोलचा खर्च बघून वर्षाच्या आत विकायला काढतात. माझं म्हणणं आहे विकू नका, निदान खाली लिहिलेलं सगळं करून बघितल्याशिवाय तरी नको. ह्या गाड्यांचं ॲव्हरेज बाहेरून काही लावून वाढत नाही. पंधरा-वीस वर्षांत जे हळूहळू गळून गेलंय ते परत मिळवावं लागतं, आणि ते बहुतेक मिळतं. धडधाकट असलेली अडीच-तीन लिटरची ऑटोमॅटिक गाडी मुंबईत लिटरला सातच्या आसपास आणि हायवेला अकरा-बारा द्यायला पाहिजे असं माझं मत आहे. तुमची पाच देत असेल तर मधले दोन कुठेतरी वाया जातायत, ते शोधायचे.

पैशाचा हिशोब आधी सांगतो म्हणजे मेहनत कशासाठी ते कळेल. वर्षाला १०,००० किलोमीटर धरा. ५.५ चं ७ झालं तर १,८१८ लिटरच्या जागी १,४२९ लिटर लागतं, म्हणजे जवळजवळ ३९० लिटर वाचलं, मुंबईच्या शंभरच्या वरच्या भावाने ४० हजारांच्या घरात. तोच दीड किलोमीटर ११ वरून १२.५ वर नेला तर फक्त १०९ लिटर वाचतात. म्हणून जास्त पिणाऱ्या गाडीत छोटी सुधारणा पण मोठी असते, "एवढ्याने काय होणार" असं म्हणू नका.

आधी मोजा, नीट मोजा

डॅशबोर्डवरचा आकडा विसरा, जुन्या गाड्यांत तो बऱ्याचदा फुगवून दाखवतो. टाकी ते टाकी मोजायचं. एकच पंप, शक्यतो एकच नोझल, ऑटो कट झालं की थांबायचं, वरून "राउंड फिगर करू का साहेब" ला नाही म्हणायचं. किलोमीटर भागिले लिटर, वहीत लिहा. निदान चार टाक्या अशा लिहा आणि शहर किती, हायवे किती, एसी चालू होता का एवढं शेजारी लिहा, कारण मुलुंड ते फोर्ट ईस्टर्न फ्रीवेने गेलेली टाकी आणि अंधेरी-कुर्ला रोडवर अडकलेली टाकी ह्यांची तुलना करून काहीच कळत नाही. आणखी एक, मागच्या मालकाने टायर मोठे टाकले असतील तर ओडोमीटर कमी किलोमीटर मोजतं आणि ॲव्हरेज खोटंच कमी दिसतं, तेव्हा एकदा फ्रीवेवर जीपीएस लावून दहा किलोमीटर ताडून बघा.

ई२० पेट्रोलचा (वीस टक्के इथेनॉल मिसळलेलं) भाग पण आधीच वजा करून ठेवा. इथेनॉलमध्ये लिटरमागे ऊर्जा पेट्रोलपेक्षा सुमारे एक तृतीयांश कमी असते. नीती आयोगाच्या इथेनॉल रोडमॅपमध्येच लिहिलंय की मूळ शुद्ध पेट्रोलसाठी बनवलेल्या आणि ई१० ला जुळवलेल्या चारचाकीचं ॲव्हरेज ई२० वर ६ ते ७ टक्के घटतं. आपल्या गाड्या ह्याच वर्गातल्या. म्हणजे २०१२ साली कुणी सात म्हणत असेल तर आज तीच गाडी तशीच असली तरी साडेसहा देणार, त्यात इंजिनाचा दोष नाही. फक्त इंधनाचे रबरी होज मात्र आत्ताच बघून घ्या, जुनं साधं रबर इथेनॉलने मऊ पडतं नाहीतर चिरतं. बोनेटखालचे आणि टाकीजवळचे होज इथेनॉल चालणारे टाकून घ्या, हे ॲव्हरेजपेक्षा आगीसाठी महत्त्वाचं आहे, बोनेट उघडल्यावर पेट्रोलचा वास येत असेल तर बाकी सगळं बाजूला ठेवून हे करा.

पेट्रोल जातं कुठे

मोठं इंजिन हळू चालणाऱ्या ट्रॅफिकमध्ये का पितं हे समजून घेतलं की पुढचं सगळं सोपं जातं. एक म्हणजे आयडलिंग. तीन लिटरचं इंजिन नुसतं उभं राहून तासाला साधारण एक लिटर जाळतं, एसी लावला की त्याहून जास्त. सायनच्या सिग्नलपासून बीकेसीपर्यंत पाऊण तास रांगत गेलात तर त्यातला अर्धा वेळ तुम्ही शून्य किलोमीटरला पेट्रोल देताय. दुसरं म्हणजे थ्रॉटल, इंजिनात हवा सोडणारी झडप. एवढ्या मोठ्या इंजिनाला ३० च्या स्पीडला ताकद लागते अगदी थोडी, म्हणून थ्रॉटल जवळजवळ बंद असतो आणि पिस्टन त्या बारीक फटीतून हवा ओढत बसतात, ती ओढण्याची मेहनत पेट्रोलमधूनच जाते. (ई९० च्या एन५२ इंजिनात बीएमडब्ल्यूने व्हॅल्व्हची उघडझाप कमीजास्त करून हेच नुकसान कमी केलंय, म्हणून ते इंजिन शहरात बरं वाटतं.) तिसरं, थंड इंजिन, आणि इथूनच कामाला सुरुवात करायची.

पहिलं काम: थर्मोस्टॅट

मला विचाराल तर सगळ्यात जास्त ॲव्हरेज ह्या एका पार्टमध्ये (इंजिन तापेपर्यंत कूलंट रेडिएटरकडे जाऊ न देणारा वॉल्व) गेलेलं असतं. आपल्याकडे कधीतरी गाडी गरम झाली की मिस्त्री "वॉल्व काढून टाकतो, मुंबईत गरज नाही" म्हणतात आणि थर्मोस्टॅट काढून टाकतात, आणि पुढच्या मालकाला पत्ताच नसतो. किंवा तो जुना होऊन उघडाच अडकतो. मग इंजिन कधी पूर्ण तापतच नाही. बहुतेक जपानी व्ही६ चालताना ८५ ते ९५ डिग्रीत पाहिजेत, ई४६ च्या एम५४ इंजिनाचा थर्मोस्टॅट तर ९७ चा आहे. इंजिन ७० वर राहिलं की ईसीयूला (इंजिनाचा कॉम्प्युटर) वाटतं अजून वॉर्मअप चालू आहे, तो पेट्रोल जास्त सोडत राहतो, आणि बऱ्याच ऑटोमॅटिक गाड्यांत गिअरबॉक्स इंजिन तापेपर्यंत टॉर्क कन्व्हर्टरचा लॉकअपच (इंजिन आणि गिअरबॉक्स थेट जोडणारा क्लच) देत नाही, म्हणजे दोन्हीकडून मार.

डॅशवरच्या काट्यावर विश्वास ठेवू नका, तो मोठ्या पट्ट्यात मधोमधच उभा राहील असा बनवलेला असतो. स्वस्तातला ब्लूटूथ ओबीडी स्कॅनर (गाडीच्या कॉम्प्युटरचे आकडे वाचणारा) घ्या, फोनवर ॲप टाका आणि कूलंटचं टेंपरेचर चालत्या गाडीत बघा. मोकळ्या रस्त्यावर ८० च्या स्पीडला टेंपरेचर पडून ७५ च्या खाली जात असेल तर थर्मोस्टॅट गेलाय किंवा नाहीचये. नवा ओरिजिनल टाका, स्वस्तातला नको, आणि त्याच वेळी कूलंट पूर्ण बदला, नळाचं पाणी नाही. हो, गाडीचा रेडिएटर अर्धा चोक असेल तर थर्मोस्टॅट टाकल्यावर ती गरम होईल, कारण आजार तिथेच होता आणि वॉल्व काढून तो झाकलेला होता. तेव्हा रेडिएटर, पंखा, कॅप हे आधी बघून घ्या.

ह्याच स्कॅनरवर दुसरी टेस्ट: रात्रभर उभ्या गाडीत सकाळी फक्त चावी ऑन करा, इंजिन सुरू करू नका. कूलंटचं आणि आत येणाऱ्या हवेचं टेंपरेचर जवळजवळ सारखं दिसायला पाहिजे, आपल्याकडे २६ ते ३२ मध्ये काहीतरी. कूलंट सेन्सर १० डिग्री दाखवत असेल तर तो ईसीयूला खोटं सांगतोय, आणि सेन्सर फार महाग नसतो.

एक अडचण, २०१० च्या आधीच्या काही गाड्या साध्या स्कॅनरशी बोलतच नाहीत, कारण भारतात ओबीडी एप्रिल २०१० पासून सक्तीचं झालं आणि ओबीडी-२ एप्रिल २०१३ पासून. तशी गाडी असेल तर त्या ब्रँडचा स्कॅनर असलेल्या वायरमनकडे एकदा बसून सगळे आकडे फोनमध्ये फोटो काढून घ्या.

दुसरं काम: फ्युएल ट्रिम वाचायला शिका

हे थोडं किचकट आहे पण एकदा समजलं की कुणीही तुम्हाला उगाच पार्ट विकू शकणार नाही. ईसीयू ऑक्सिजन सेन्सर बघून पेट्रोल कमीजास्त करतो, त्या दुरुस्तीचा टक्का म्हणजे फ्युएल ट्रिम. लाँग टर्म ट्रिम बघा. आणि व्ही६ मध्ये दोन बँक, म्हणजे तीन-तीन सिलिंडरच्या दोन रांगा, असतात (बीएमडब्ल्यूच्या सरळ सहातही पुढचे तीन आणि मागचे तीन सिलिंडर वेगळे धरतात) त्यामुळे दोन आकडे येतील, आणि हाच सहा सिलिंडरचा फायदा आहे कारण दोघांची तुलना करता येते.

दोन्ही बँक प्लसमध्ये असतील, म्हणजे ईसीयू पेट्रोल वाढवत असेल, तर बिघाड दोघांच्या वाटेत कुठेतरी, म्हणजे एअर फ्लो सेन्सर (आत येणारी हवा मोजणारा), फ्युएल पंप, फ्युएल फिल्टर, नाहीतर थ्रॉटलच्या आधीचा चिरलेला रबरी पाइप. एकच बँक प्लसमध्ये असेल तर त्या बाजूची गॅसकेट, इंजेक्टर (पेट्रोल फवारणारा) किंवा त्या बाजूचा ऑक्सिजन सेन्सर. आयडलला आकडा जास्त आणि २,५०० आरपीएमला नॉर्मल होत असेल तर हवा कुठून तरी चोरून आत येतेय, व्हॅक्युम लीक. उलट आयडलला बरा आणि ताकद लागताना वाढत असेल तर पेट्रोल पुरत नाहीये. मायनसमध्ये फार असेल तर गळणारा इंजेक्टर किंवा जास्त फ्युएल प्रेशर.

इथे ई२० मुळे लोक फसतात म्हणून सांगतो. शुद्ध पेट्रोलला हवा-इंधनाचं प्रमाण १४.७ ला १ लागतं, ई२० ला साधारण १३.५. म्हणजे जुनी गाडी एकदम ठणठणीत असली तरी ई२० वर दोन्ही बँक प्लस ५ ते ८ दाखवू शकतात. त्याच्या मागे लागून सेन्सर बदलत बसू नका. दहाच्या वर गेलं, किंवा दोन बँकांत मोठा फरक आला, तर शोधायला लागा.

व्हॅक्युम लीक शोधायला स्मोक मशीन (धूर सोडून गळती दाखवणारं) असलेलं गॅरेज गाठा. तापत्या इंजिनवर कार्ब क्लीनर मारून शोधायची पद्धत प्रचलित आहे पण सायलेन्सरच्या मॅनिफोल्डवर उडालं तर पेटतं, मी ते सुचवणार नाही. ई४६ मध्ये क्रँककेस ब्रीदरचा व्हॅल्व्ह आणि इनटेकचे रबरी बूट ठरलेले फाटतात, जपानी व्ही६ मध्ये बारीक व्हॅक्युम होज कडक होऊन टोकाला सुटतात. मीटरच्या हिशोबाने विकत मिळणारे होज टाकून सगळे एकदम बदला.

एअर फ्लो सेन्सर त्याच्यासाठीच्या स्प्रेने धुवा, कार्ब क्लीनरने नाही, कापूस लावायचा नाही, वाळू द्यायचा आणि मग लावायचा. पुढचे दोन ऑक्सिजन सेन्सर दीड लाख किलोमीटर झाले असतील तर सुस्त झालेले असतात. साधा सेन्सर ०.१ ते ०.९ व्होल्टमध्ये भराभर वरखाली व्हायला पाहिजे, आळशीपणे फिरत असेल तर बदला, आणि दोन्ही एकत्र बदला.

एअर फिल्टरबद्दल मात्र गैरसमज आहे. अमेरिकेच्या ओक रिज नॅशनल लॅबोरेटरीने २००९ मध्ये टेस्ट करून दाखवलं की इंजेक्शनवाल्या गाडीत चोक झालेल्या फिल्टरने ॲव्हरेजवर जवळजवळ परिणाम होत नाही, पिकअप कमी होतो. कारण ईसीयू हवेच्या हिशोबानेच पेट्रोल देतो. तेव्हा फिल्टर बदला, पण त्याने ॲव्हरेज वाढेल म्हणून महागडा कोन फिल्टर घेऊ नका.

तिसरं काम: सहाच्या सहा प्लग

सहा म्हणतोय कारण आडव्या बसवलेल्या व्ही६ मध्ये मागची बँक फायरवॉलला चिकटलेली असते आणि कॅमरी-टिआनासारख्या गाड्यांत तिथे पोचायला वरचा इनटेक मॅनिफोल्ड उघडावा लागतो. घाईतल्या गॅरेजमध्ये पुढचे तीन बदलले जातात आणि मागचे तीन तसेच राहतात, बिलावर सहा येतात. जुने सहाही प्लग परत मागा आणि काढलेले बघा. मागच्या तीनवरून इंजिनाची तब्येत पण कळते, एक काळा आणि ओला निघाला तर त्या सिलिंडरची कॉइल किंवा इंजेक्टर तपासा. सहा सिलिंडरचं एक सिलिंडर हलकं मिसिंग मारत असेल तर चार सिलिंडरसारखं थरथरत नाही, गुळगुळीत चालत राहतं आणि महिनोन्‌महिने कळत नाही, पेट्रोल मात्र जातच असतं.

इरिडियम किंवा प्लॅटिनम प्लग टाका, लाखभर किलोमीटर बघायला लागत नाही, मॅनिफोल्ड उघडण्याची मजुरी एकदाच. नकली प्लग बाजारात भरपूर आहेत, तेव्हा ओळखीच्या दुकानातून बिलासकट घ्या. कुर्ल्याच्या सीएसटी रोडवर आणि ऑपेरा हाऊसच्या भागात पार्ट मिळतात, चांगले पण मिळतात, फक्त मी तिथून सेन्सर आणि प्लग जुने कधी घेत नाही, बॉडी पार्ट, ट्रे, रिम, ब्रॅकेट ह्या गोष्टी जुन्या घ्यायला हरकत नाही. मॅनिफोल्ड उघडलाच आहे तर नवी गॅसकेट टाका, थ्रॉटल बॉडी साफ करा, इंजेक्टर काढून अल्ट्रासॉनिक क्लीनिंगला द्या आणि सहाही इंजेक्टरचा फ्लो सारखा आहे का ते मशीनवर समोर बघा.

होंडाच्या व्ही६ मध्ये टॅपेट (व्हॅल्व्हजवळची फट) हाताने सेट करावे लागतात, ते काम वर्षानुवर्षं कुणी करत नाही, टाइमिंग बेल्ट बदलताना करून घ्या. आणि बेल्ट बदलल्यानंतर ॲव्हरेज आणि पिकअप दोन्ही पडले असतील तर एक दात इकडेतिकडे झालाय का बघायला सांगा.

गाडी मोकळी फिरते का?

मुंबईची खारी हवा आणि चार महिन्यांचा पाऊस, ब्रेक कॅलिपरच्या पिना गंजून जाम होतात आणि पॅड डिस्कला घासत राहतो. वीस मिनिटं चालवून थांबा, चाकाच्या जवळ हात न्या (लावू नका), एक चाक बाकीच्यांपेक्षा खूप तापलं असेल तर तिथे ब्रेक धरतोय. सपाट जागी न्यूट्रलमध्ये एका माणसाने ढकलली तर गाडी सरकायला पाहिजे. प्रत्येक पावसाळ्यानंतर कॅलिपर उघडून पिना साफ करून सिलिकॉन ग्रीस लावून घ्या, हँडब्रेकची केबल सुटते का तेही.

टायरची हवा सकाळी थंड असताना, स्वतःच्या गेजने. दाराच्या खांबावरच्या स्टिकरवरचा आकडा घ्या आणि दोन-तीन पीएसआय जास्त ठेवा, त्याहून जास्त नको, पावसात पकड जाते आणि खड्ड्यात रिम वाकतं. नायट्रोजनने ॲव्हरेज वाढत नाही. मागच्या मालकाने १७-१८ इंची जड अलॉय आणि रुंद टायर टाकले असतील तर कंपनीच्या मापावर परत या, हा ह्या लेखातला सगळ्यात खात्रीचा मॉडिफिकेशन आहे, ट्रॅफिकमध्ये दर वेळी ते जड चाक थांबवून परत फिरवायला पेट्रोल लागतं. नवे घेताना लो रोलिंग रेझिस्टन्सवाले बघा पण ओल्या रस्त्यावरची पकड चांगली असेल तरच.

इंजिनाखालचा प्लास्टिक ट्रे आहे का बघा. ऑइल बदलताना काढतात आणि क्लिप तुटल्या म्हणून परत लावत नाहीत. हायवेला त्याने हवा सरळ जाते आणि पावसात बेल्टवर, कनेक्टरवर चिखल उडत नाही. कॅरिअर काढून टाका. डिकीतला वूफरचा खोका, जुने पार्ट, पाण्याचे कॅन उतरवा, स्टेपनी आणि जॅक मात्र राहू दे.

ऑइल आणि गिअरबॉक्स

जुनं इंजिन म्हणून २०डब्ल्यू-५० घट्ट ऑइल भरायची सवय सगळीकडे आहे. इंजिन ऑइल खात नसेल आणि प्रेशर ठीक असेल तर मॅन्युअलमध्ये लिहिलेलं, बहुतेक ५डब्ल्यू-३०, हेच भरा. घट्ट ऑइल फिरवायला इंजिनाची ताकद जाते. मॅन्युअलपेक्षा पातळ पण नको.

ऑटोमॅटिकमध्ये लॉकअप चालतो का ते असं बघा: मोकळ्या रस्त्यावर, मागे कुणी नसताना, गरम इंजिनावर ७०-८० ला स्थिर पाय ठेवा आणि ॲक्सिलरेटर न सोडता डाव्या पायाने ब्रेकला अगदी हलका, लाइट पेटेल एवढाच स्पर्श करा. आरपीएम दोन-तीनशेने वर जाऊन ब्रेक सोडल्यावर परत खाली आला तर लॉकअप चालू आहे. काहीच झालं नाही तर बहुतेक लॉकअप लागतच नाहीये. तसं असेल तर आधी थर्मोस्टॅट, मग एटीएफ (ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचं ऑइल). जुन्या गिअरबॉक्सला मशीनने प्रेशर फ्लश करू नका, साधं ड्रेन करून भरा, काही दिवस चालवा, परत करा, दोन-तीन वेळा. होंडाला होंडाचंच, आता डीडब्ल्यू-१ मिळतं, टिआनाच्या सीव्हीटीला (ठरलेले गिअर नसलेला ऑटोमॅटिक) एनएस-२ ग्रेडचं. "सगळ्याला चालतं" असलेलं ऑइल ह्या गिअरबॉक्समध्ये घालू नका.

एसी आणि पंखा

मुंबईत एसी बंद ठेवा असं सांगण्यात अर्थ नाही. एसीचं काम हलकं करा. कंडेन्सर समोरून माती आणि किड्यांनी बंद झालेला असतो, पाण्याच्या हलक्या धारेने आतून बाहेर धुवा. गॅस वजनाने भरून घ्या, बोनेटखालच्या स्टिकरवर ग्रॅम लिहिलेले असतात, अंदाजाने जास्त भरला की कंप्रेसर जड चालतो. आतली हवा फिरवणारं बटण चालू ठेवा, लांबच्या प्रवासात मधून मधून बाहेरची हवा घ्या. उन्हात उभी करताना काचेला सनशेड लावा आणि निघताना पहिला मिनिट काचा खाली.

मागच्या चाकांवर चालणाऱ्या काही जुन्या बीएमडब्ल्यू-मर्सिडीजमध्ये बेल्टवर फिरणारा व्हिस्कस पंखा असतो. त्याचा क्लच जाम झाला की पंखा कायम पूर्ण वेगाने फिरतो, विमानासारखा आवाज येतो आणि इंजिनाची ताकद खातो. नवा क्लच टाका. त्याजागी इलेक्ट्रिक पंखा लावणं होतं, पण लोकल किट ट्रॅफिकमध्ये एसीसकट पुरेलच असं नाही, आणि हेड गॅसकेट गेली तर दहा वर्षांची बचत एका दिवसात जाईल.

कशावर पैसे घालवायचे नाहीत

ओबीडीत लावायचे फ्युएल सेव्हर, पाइपवर बांधायचे मॅग्नेट, पाण्यातून हायड्रोजन काढणाऱ्या बाटल्या, टाकीत टाकायच्या गोळ्या. अमेरिकेच्या पर्यावरण संस्थेने, ईपीएने, असली शंभराहून जास्त उपकरणं तपासली आणि ॲव्हरेज ठळकपणे वाढवणारं एकही सापडलं नाही. रीमॅप (ईसीयूचं सॉफ्टवेअर बदलणं) पण टर्बो नसलेल्या पेट्रोलला ॲव्हरेजसाठी करू नका, कारण साध्या चालीत ईसीयू ऑक्सिजन सेन्सर बघूनच मिश्रण ठेवतो, तिथे ट्यूनरला देण्यासारखं फार काही नसतं. कॅटॅलिटिक कन्व्हर्टर काढून सरळ पाइप टाकणं बेकायदेशीर आहे आणि ॲव्हरेजही वाढत नाही; चोक झाला असेल तर बदलायचा.

मोठे बदल करायच्या आधी कायदा लक्षात ठेवा. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ सांगतं की आरसीत जे लिहिलंय त्यापेक्षा गाडी वेगळी होईल असा बदल करता येत नाही, आणि जानेवारी २०१९ मध्ये सुप्रीम कोर्टाने तेच ठामपणे सांगितलं. सहा काढून चार सिलिंडरचं इंजिन बसवू म्हणणारे भेटतात, त्यात आरटीओची परवानगी, वायरिंग, माउंटिंग एवढं सगळं आहे की माझ्या मते त्या पैशात दुसरी गाडी घ्यावी.

पायाचं काम

गाडी दुरुस्त झाल्यावर उरतो तुमचा पाय. गिअरमध्ये असताना ॲक्सिलरेटर पूर्ण सोडला की इंजेक्टर बंद होतात, पेट्रोल शून्य. म्हणून खंडाळ्याचा घाट उतरताना किंवा फ्लायओव्हरवरून सिग्नलकडे येताना न्यूट्रल करायचं नाही, न्यूट्रलमध्ये उलट आयडलचं पेट्रोल जातं आणि इंजिन ब्रेकिंगही मिळत नाही. लाल सिग्नल दिसला की लांबूनच पाय सोडा. मिनिटापेक्षा जास्त थांबायचं असेल तर ऑटोमॅटिक एनमध्ये टाका, दोन-तीन मिनिटं हमखास असेल आणि बॅटरी-स्टार्टर चांगले असतील तर इंजिन बंद करा. गाडी उचलताना अगदी गोगलगायीसारखी नको, मध्यम पाय देऊन लवकर वरच्या गिअरला जाऊ द्या, मोठ्या इंजिनाला कमी आरपीएम आणि थोडा उघडा थ्रॉटल आवडतो.

एक्स्प्रेसवेला १०० ची मर्यादा आहे, ८५-९० ला चालवून बघा आणि वहीत फरक बघा, हवेचा रोध स्पीडच्या वर्गाने वाढतो. एक्सएल-७ वाल्यांनी डांबरी रस्त्यावर टू-एचमध्येच (दोनच चाकांना ताकद) राहावं.

शेवटी सीएनजी

बाहेरून बसवायच्या गोष्टींत हा एकच बदल असा आहे जो पैशाचा आकडा खरंच हलवतो, पण वरचं सगळं केल्यानंतरच, कारण आजारी इंजिन सीएनजीवर आणखी आजारी पडतं. सहा इंजेक्टरचं सिक्वेन्शियल किट (प्रत्येक सिलिंडरला वेगळा गॅस देणारं) आणि सहा सिलिंडरचा ईसीयूच पाहिजे. जुन्या मिक्सर किटने बॅकफायर होऊन प्लास्टिकचा इनटेक मॅनिफोल्ड फुटतो. किट तुमच्या सीसीसाठी मान्यताप्राप्त आहे का ते कागद बघा, अधिकृत सेंटरलाच बसवा, आरटीओत आरसीवर नोंद करा, इन्शुरन्सला कळवा. नोंद नसेल तर क्लेम अडकतो.

आता खरा हिशोब. ६० लिटरच्या सिलिंडरमध्ये प्रत्यक्षात आठ-नऊ किलो गॅस बसतो. पेट्रोलवर सात देणारी गाडी किलोला साधारण नऊ-साडेनऊ देईल, म्हणजे एका भरण्यात ७५-८० किलोमीटर. किलोचा भाव ८० च्या आसपास धरला तर किलोमीटरला नऊ रुपयांच्या खाली, पेट्रोलला चौदा-पंधरा. पण रोज चाळीस किलोमीटर चालवणाऱ्याला एक दिवसाआड पंपाच्या रांगेत उभं राहावं लागेल आणि डिकी जाईल. शिवाय गाडी पेट्रोलवर सुरू होऊन तापल्यावरच गॅसवर जाते, त्यामुळे तीन-चार किलोमीटरच्या फेऱ्यांना सीएनजीचा काहीच उपयोग नाही. माझं मत, महिन्याला हजारच्या वर किलोमीटर असतील आणि घर किंवा ऑफिसजवळ रांग नसलेला पंप असेल तरच करा. होंडा असेल तर टॅपेट जास्त वेळा तपासा, गॅसवर व्हॅल्व्ह सीट लवकर झिजतात.

गॅसच्या सिलिंडरची हायड्रो टेस्ट (पाण्याच्या दाबाने तपासणी) दर तीन वर्षांनी, त्याची प्लेट गाडीवर असली पाहिजे, नाहीतर पंपावर गॅस देत नाहीत. आणि गाडीची पंधरा वर्षं भरत आली असतील तर आधी आरसी पाच वर्षांसाठी रिन्यू करून ग्रीन टॅक्स भरून घ्या आणि मग किट बसवा, म्हणजे पासिंगमध्ये काही निघालं तर किटचे पैसे अडकणार नाहीत.